पडद्याकडे पाठ

नांदुऱ्यात सिनेमाचा तंबू लागला की पडद्याकडे पाठ करून बसणारं माणूस सबंध गावात एकच होतं. कौसामाय.

तंबूत सगळ्यात पुढे, पडद्याच्या पायथ्याशी, लहान पोरांची जागा असे. पोरं पडद्याकडे तोंड करून बसत आणि कौसामाय पोरांकडे तोंड करून. तिच्या पाठीमागे राजे लढत, राण्या मूर्च्छित पडत, राक्षस गडगडाटी हसत. धावत्या घोड्यांचा उजेड तिच्या डोक्यावरच्या पदरावर नाचे. पण तिनं कधी मान वळवून पाहिलं नाही. खेळ संपेपर्यंत मांडी घालून ती पोरांची तोंडं न्याहाळत बसे.

तंबूचे मालक नूरभाई तिला तिकीट मागत नसत. पहिल्या वर्षी त्यांनी मागून पाहिलं होतं म्हणे.

"पाहनाऱ्यानं तिकीट घ्याव," कौसामाय त्यांना म्हणाली. "मी त पाहूनच नाही राह्यली. माही पाठ हाये तिकडं. पाठीचं तिकीट असते काय?"

नूरभाई बऱ्हाणपूरचे, दहा गावचं पाणी प्यालेले. पण त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

मी नांदुऱ्याला आले तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मूळची जानेफळची. अमरावतीला मास्तरणीचं ट्रेनिंग केलं आणि पहिली नेमणूक नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत मिळाली. घरी पत्र लिहिताना पाकिटाच्या मागे स्वतःचं नाव, गाव आणि खाली ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असं मी ऐटीत लिहीत असे. वय एकवीस. जगात काय चांगलं नि काय वाईट हे मला त्या वयात पुष्कळच ठाऊक होतं.

जिनाच्या, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत मी खोली घेतली. पहिल्याच सकाळी शेजारच्या ओट्यावरून एक उंच, काटक बाई उतरली, माझी हनुवटी धरून तिनं माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "दोन दिसापासून जेवली नाही. आन् घरची याद येते. तोंड सांगते बाई, तोंड."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिनं ताटलीत भाकरी आणि अंबाडीची भाजी आणून दिली. मी "तुम्ही कशाला त्रास घेतला?" म्हणाले, तर तिला रागच आला. "मायले कोनी तुमी म्हन्ते काय वं?" त्या दिवसापासून मी तिला ‘तू’ म्हणू लागले.

आणखी एक. आमच्या वऱ्हाडात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. हे व्याकरणात बसत नाही, असं मी एकदा तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. जातो मी."

कौसामाय गावची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं आणि या गोष्टीचा तिनं कुणाला विसर पडू दिला नाही. पोरांना ती नावानं हाक मारत नसे. "ए पायाळू!" "ए अवसेच्या!" "ए, तू त दीड दिस लावला होता बे!" मोठमोठे बाप्ये अशा हाकेला ओ देऊन रस्त्यात थांबत. पेठेतल्या वकीलसाहेबांना ती चारचौघांत म्हणे, "तुमच्या धाकट्यानं पह्यला श्वास घेतला त माह्या थापडीनं." वकीलसाहेब घाईघाईनं छत्री उघडत.

तंबूतल्या पोरांवर ती हक्क सांगे तो याच जोरावर. "त्याइचे डोये मी उघडले. जग पह्यल्यांदा मी दाखवलं. आता काय दाखवाचं ते एकटे नूरभाई ठरवतीन काय?"

तिचं एक शास्त्रच होतं. शिनमा डोळ्यांनी खाल्ल्या जाते, असं ती म्हणे. खाल्लेलं एक तर पचते, नाही तर अडकते. उघडं तोंड म्हणजे पचून राह्यलं. मिटलं तोंड म्हणजे गळ्यात अडकलं. एवढंच शास्त्र, पण त्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तंबूच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरोघर फिरे.

"काल तुह्या नान्याचं तोंड मिटलं होतं वं. आज नको धाडू."

"काही नाही व माय, मस्त खेळून राह्यला तो."

"राक्षस आला तवा समदे पोट्टे वरडले. हा नाही वरडला. याचा राक्षस आतच हाये अजून."

आणि खरोखर, दुपारपर्यंत नान्या विहिरीकडे पाठवलं तर जाईना, कोठीत पाठवलं तर जाईना. मग कौसामाय त्याला स्टेशनापलीकडच्या उघड्या वावरात घेऊन गेली. "हो राक्षस," तिनं हुकूम सोडला. नान्या आधी लाजला. मग हळूच गुरगुरला. मग असा गर्जला की बाजूच्या वावरातला बैल दावं तोडून पळाला. बैल सापडायला संध्याकाळ झाली, पण नान्या बरा झाला.

मला हे सगळं अडाणीपणाचं वाटे. सिनेमाबद्दल माझं मत ठरलेलं होतं. माझ्या बालवर्गात मुलंमुली एकत्र बसत आणि तंबू गावात आला की वर्गाची दशा होई. हजेरी घेताना एकानं ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी खलनायकासारखं तीन टप्प्यांत हसून दाखवलं. मधल्या सुट्टीत पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, तलवारी निघत आणि घंटेनंतर मला जखमींची मोजदाद करावी लागे. गणपत नावाच्या मुलानं जिनाच्या भिंतीवरून कापसाच्या गंजीवर "जय बजरंग" म्हणून उडी घेतली. पहिल्या दिवशी तो कापसात पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिथूनच उडी घेतली, पण मधल्या काळात गंजी रेल्वेनं रवाना झाली होती.

तो हात गळ्यात बांधून वर्गात आला तेव्हा मी रागानं लिहायला बसले. मथळा दिला, ‘चलच्चित्रे आणि बालमन : लाभ व हानी’.

हानी भराभर सुचल्या. लाभाच्या जागी मात्र बराच वेळ काही येईना. मग मला वर्गातल्या सोनीची आठवण झाली. आमच्या वाचनमालेत एक धडा समुद्रावर होता. आमच्या पोरांनी जन्मात पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे पूर्णा नदी. मी वर्गाला विचारी, समुद्र म्हणजे काय? आणि दर वेळी उत्तर येई, लय मोठा तलाव. एकदा मात्र सोनी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, त्याले दुसरा काठ नसते." तिनं तो तंबूत पाहिला होता. एवढं चांगलं वाक्य मलाही सांगता आलं नसतं. मी प्रामाणिकपणे ते लाभात लिहिलं. मग ओढूनताणून आणखी चार लाभ काढले.

गावच्या वाचनालयात एका रविवारी माझं व्याख्यान ठेवलं. वकीलसाहेब अध्यक्ष. पुढे बाप्यांची सतरंजी, बाजूला बायकांची. पाच लाभ नि सात हानी मी खणखणीत आवाजात वाचल्या. दहा वर्षांखालच्या मुलांना तंबूत मज्जाव असावा, असा शेवट केला. टाळ्या पडल्या. वकीलसाहेबांनी विचारलं, "कुणाला शंका?"

बायकांतून कौसामाय उठली.

"मास्तरीनबाई," ती म्हणाली, "तुमी पाच फायदे सांगतले आन् सात तोटे. यातला शेवंतीले कोनता लागते?"

ती मला ‘तुमी’ म्हणाली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

शेवंती माझ्याच वर्गातली. सहा वर्षांची. बसायला भिंतीलगतची जागा निवडणारी, सांगितलेलं सगळं करणारी, कधीही न हसणारी. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली आणि बाप तुकाराम जिनात कामाला आहे, एवढंच मला माहीत होतं. कुणीतरी खाकरलं.

"हे सर्वसाधारण मुलांबद्दलचं विवेचन आहे," मी म्हणाले.

"सर्वसाधारन पोट्टा?" कौसामायनं विचार केला. "तीस वर्सात एकही नाही जन्मला बाई माह्या हातून."

सभा हसली. वकीलसाहेबसुद्धा हसले. मी तिच्याशी अबोला धरला.

त्याच आठवड्यात नूरभाईंनी हंगामातलं शेवटचं चित्र लावलं. हे देवादिकांचं नव्हतं, घरगुती होतं. एक गरीब घर, हसतमुख आई, तिचा छोटा मुलगा, मुलानं पाळलेलं एक खट्याळ माकड. पहिल्या खेळालाच मी गेले. माझ्या व्याख्यानाला धरून ते नव्हतं, पण अभ्यासासाठी जाते असं मी स्वतःला सांगितलं. बायकांच्या बाजूला दोरीलगत जागा मिळाली. तिथून पुढची पोरं दिसत होती, शेजारच्या मुलींबरोबर आलेली शेवंतीही दिसत होती. पडद्याखाली नेहमीप्रमाणे कौसामाय.

माकडानं धुमाकूळ घातला. पोरं लोळण घेऊन हसली. मग पडद्यावर आई आजारी पडली. बाजेवर निजलेली आई, उशाशी मिणमिणता दिवा, पायाशी बसून तिच्या पातळाचा काठ ओढणारं पोर. पेटीचे करुण सूर निघाले. आमच्याकडे नाकं ओढायला सुरुवात झाली. माझंही भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

आणि कौसामाय उठली.

तिनं पडद्याकडे पाहिलं नाही. तिची नजर पोरांत एकाच जागी खिळली होती. तशीच मागे मागे सरत ती उजव्या बाजूच्या बांबूपाशी गेली. तिचे हात पाठीमागे काहीतरी करत होते. पुढच्या क्षणी पडद्याचं वरचं टोक सुटलं आणि पडदा अर्ध्यावर घडी घालून खाली आला.

पडद्यावरच्या आईचं तोंड कानापर्यंत गेलं. मग तिचा अर्धा भाग तंबूच्या मागच्या कापडावर पडला, अर्धा लोंबत्या पडद्यावर सुरकुतला, आणि आवाज मात्र चालूच, "बाळा, शहाण्यासारखा राहा हं!" बाप्यांच्या बाजूनं शिट्या सुरू झाल्या. कुणी "पडदा, पडदा!" ओरडलं. नूरभाई मशीन सोडून धावत आले.

"क्या हुआ? किसने छोडा?"

"सुटली गाठ," कौसामाय म्हणाली.

"ऐसी कैसी सुटली? मी स्वतः बांधली होती!"

"मंग कच्ची बांधली असन. मी लेकराइची नाळ बांधतो नूरभाई. गाठ मले शिकवू नका."

एवढं बोलून तिनं पोरांना उठवलं. "चला रे, पानी प्याले चला समदे." पोरांची रांग घेऊन ती बाहेर पडली. शेवंतीचा हात तिच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी गावभर एकच विषय. कुणी म्हणालं, बुढीला चळ लागला. कुणी म्हणालं, तिला नूरभाईंचा धंदा बुडवायचा आहे. नूरभाईंनी निरोप पाठवला की पुन्हा तंबूत पाय ठेवू नका. त्या सकाळी कौसामाय कुणाच्याही दारी गेली नाही.

मी अबोला सोडून तिच्याकडे गेले. ती ओट्यावर सुपात तूर पाखडत बसली होती.

"माय, काऊन केलंस असं? गाठ आपोआप सुटली हे मला सांगू नको."

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "तू काल पडदा पाहून राह्यली होती. शेवंतीचं तोंड नाही पाह्यलं तुनं."

"काय झालं होतं तिच्या तोंडाला?"

"तेच. जसं त्या दिशी होतं."

मग तिनं सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. शेवंतीची आई लक्ष्मी दुसऱ्या बाळंतपणात गेली, ती कौसामायच्या हातावर. दोन दिवस ती अडली होती. खामगावच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, पण वेशीच्या अलीकडूनच गाडी परत दारी आणावी लागली. ना आई राहिली ना बाळ. "आमी समदे गाडीपाशी. रडारड. पोरीचं ध्यान कोनालेच नाही. मी मान वर करून पाह्यलं त हे दारात उभी. चार वर्साची. तोंड मिटून. रडली नाही, वरडली नाही. तवापासून तसंच हाये ते तोंड."

"आणि तुकाराम?"

"तो बोलत नाही माह्याशी. जिनात जाले हेच गल्ली जवळची, पन तो मारोतीच्या देवळाकडून फिरून जाते. दोन वर्सं झाले." तिनं तुरीचा एक दाणा उचलला आणि पुन्हा सुपात टाकला. "बरोबर हाये त्याचं. मी त्याले म्हन्लं होतं, भेव नको, मी हावो ना."

गावात अशी चार पोरं होती, ज्यांच्या आया तिच्या हातावर गेल्या. तीस वर्षांत शेकडो बाळंतपणं तिनं सुखरूप केली; पण ती मोजत बसे ती या चौघांना. तंबूत ती सगळ्यांची तोंडं पाही हे खरं, पण आधी या चौघांची. "तिघाइचे उघडले. कुंभाराच्या गोविंदाचं त माकडानं उघडलं, इतकं हासला का उचकी लागली त्याले. शिनमा वाईट असता त मीच तंबू पेटवला असता. पन हिचं काही केल्या उघडत नाही. आन् काल त्याइनं नेमकं तेच दाखवलं तिले. मी काय करू? गाठ हाती आली, सोडली."

कौसामायला ‘मी काय करू’ म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मी थेट तंबूवर गेले. हंगाम संपत आला होता. तंबू उतरवायची तयारी सुरू होती. नूरभाई मला पाहून आधी घुश्श्यात होते. माझं सगळं ऐकल्यावर एका पेटीवर बसले.

"बाई, हे आपल्याले काय मालूम?" ते म्हणाले. "आपन त रोज दोन वक्त मारतो त्या बाईले. गाव गाव मारत जातो. लोक रडतात, आपल्याले वाटते खेळ चांगला झाला." मग थोड्या वेळानं, "पोट्ट्यांनी आखरीचा हिस्सा नाही पाह्यला. माकड परत येते त्यात."

त्यांनीच तोड काढली. कापूस उचलला गेल्यानं जिनाचं एक गोदाम रिकामं पडलं होतं. रविवारी दुपारी तिथं फक्त लहान पोरांसाठी खेळ करायचा. बाकीची चित्रं पुढच्या गावी गेली होती, उरलं होतं तेवढं हेच. "जिथं माय मरते, तिथं मी हात लावतो मशीनसमोर. आवाज बंद. खलास!"

कौसामायनं ऐकलं आणि मान हलवली. "हाव. तसं करा."

गोदामाच्या खिडक्यांना पोती लावली. भिंतीवर पडदा टांगला. गाठी नूरभाईंनी दोनदा तपासल्या. आत सरकीचा वास भरून राहिला होता. माझा बालवर्ग झाडून हजर, गणपत गळ्यातल्या हातासकट. माकड आलं, हशा झाला. मग बाज आली, दिवा आला. नूरभाईंनी ठरल्याप्रमाणे आवाज बंद केला आणि तळहात उजेडापुढे धरला. पडदा काळा झाला. त्यांच्या बोटांच्या कडा लालभडक दिसू लागल्या.

"बच्चेलोग!" ते उत्साहानं ओरडले. हे ठरलं नव्हतं, त्यांनी आयत्या वेळी जोडलं होतं. "माय गेली मामाच्या गावाले!"

पोरांना ते पटलं. एकदोघांनी जांभया दिल्या. मशीन गुरगुरत राहिलं.

तेवढ्यात पुढून एक बारीक आवाज आला.

"मंग वापस कधी येते?"

शेवंती विचारत होती. वर्षभरात तिच्या तोंडून एवढं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

नूरभाईंनी मशीनच बंद केलं. गोदामात फटीतून येणारा दुपारच्या उन्हाचा एक पट्टा तेवढा राहिला. मी, पाच लाभ आणि सात हानी पाठ म्हणणारी बाई, कौसामायकडे पाहू लागले.

कौसामाय पडद्याखालून उठली. पोरांतून वाट काढत शेवंतीपाशी गेली, खाली बसली आणि तिला मांडीवर घेतलं.

"नाही येत बेटा," ती म्हणाली. "मेली ते."

शेवंती तिच्याकडे पाहत राहिली.

"नूरभाई, मशीन चालू करा. मागून घ्या, माय बाजेवर हाये तिथून."

"माय, सोचून घ्या."

"घ्या म्हन्तो ना."

रीळ मागे फिरली. दिवा मिणमिणला. पोरीला मांडीवर घेतल्यामुळे कौसामायचं तोंड आता पडद्याकडे होतं. तिनं ते वळवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती सिनेमा पाहत होती. पडद्यावरची आई हळूहळू डोळे मिटत होती आणि कौसामायचा एक हात शेवंतीच्या पोटावर घट्ट होता.

"तिले दुखलं काय?" शेवंतीनं विचारलं.

"हाव. दुखलं."

"माह्या मायलेही?"

"हाव बेटा. लय दुखलं. मी तिच्यापाशीच होतो. तिचा हात सोडला नाही मी."

शेवंतीचे ओठ थरथरले. मग तिचं तोंड उघडलं. आधी नुसतंच उघडलं, आवाज नाही. कौसामायनं तिच्या पाठीवर एक हलकी थाप मारली. तशी ती पोरगी रडली. टाहो फोडून, अंग ताठ करून, श्वास कोंडेपर्यंत रडली. आजूबाजूची पोरं घाबरून पाहू लागली. मी तिला गप्प करायला पुढे झाले तर कौसामायनं मला हातानं थांबवलं.

"रडू दे. कोनी काही म्हनू नका तिले."

तिचं स्वतःचं तोंड पदरात होतं.

पुढे माकड परत आलं, मुलगा मोठा झाला, सगळं ठीक झालं. शेवंतीनं ते पाहिलं नाही. ती रडून रडून कौसामायच्या खांद्यावर झोपली होती. खेळ संपला, पोरं उन्हात डोळे चोळत घराकडे पळाली. नूरभाईंनी पेट्या बांधायला घेतल्या. आम्ही दोघी निघालो. मी म्हटलं, दे माझ्याकडे, दमशील. ती चालतच राहिली.

तुकारामच्या दारात आम्ही उभ्या राहिलो. तो अंगणात बाज विणत बसला होता. त्यानं मान वर केली, खांद्यावर झोपलेली पोरगी पाहिली, तिच्या गालावरचे सुकलेले ओघळ पाहिले. हातातली दोरी टाकून तो उठला.

"काय झालं तिले?" त्यानं मला विचारलं.

"रडली," मी म्हणाले. "आईसाठी रडली."

त्यानं घ्यायला हात पुढे केले. कौसामाय तशीच उभी होती. द्यायचं तिला कळत होतं, पण हात सुटत नव्हते.

"राहू दे जराशी," ती हळूच म्हणाली. "उठन."

तुकारामनं हात खाली घेतले, अर्धी विणलेली बाज बाजूला सारली, ओट्यावर घोंगडी आणून अंथरली. कौसामाय पोरीसकट तिच्यावर टेकली. तो आत गेला. चुलीत काड्या मोडल्याचा आवाज आला, धूर आला.

आतूनच त्यानं विचारलं, "चहा मांडून राह्यलो. घेतं काय माय?"

कौसामायनं डोळे पुसले, पोरीचं डोकं खांद्यावर नीट केलं आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "हाव. आन् गूळ सढळ हातानं टाक. पोरगी उठली का तिलेही लागन."